फायरवॉल बसवली आणि लॉगिन बसलं (अंबड, नाशिक)

रात्रपाळी (धागाकर्ता) | सोमवार, दुपारी १:१०

मंडळी, अंबड एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्याचं आयटी बघतो. बघतो म्हणजे प्रिंटरचं टोनर, सीसीटीव्ही, टॅली, ईआरपी आणि साहेबांचा मोबाइल, सगळं माझ्याच गळ्यात. पन्नासेक कॉम्प्युटर, एक विंडोजचा डोमेन सर्व्हर (सगळ्यांची खाती-पासवर्ड तपासणारा), शेजारी फाइल सर्व्हर. इतकी वर्षं सगळं एकाच नेटवर्कमध्ये गुण्यागोविंदानं नांदत होतं.

एका मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटमध्ये शेरा आला की शॉप फ्लोअर, ऑफिस आणि सर्व्हर एकत्र कसे? म्हणून शनिवार-रविवारी व्हेंडरनं नवी फायरवॉल बसवली, तीन व्हीलॅन (एकाच वायरिंगवर वेगळी केलेली नेटवर्कं) पाडले आणि "सर, पिंग चालू आहे, सही करा" म्हणत (पिंग म्हणजे समोरचं मशिन ओ देतं का बघायची हाक) कागदावर सही घेऊन गेला.

आज सकाळपासून फोन खाली ठेवलेला नाही. जुन्या लोकांचं लॉगिन होतं, पण 'वेलकम'वर गोल गोल फिरत बसतं, तेवढ्यात चहा पिऊन यावं. आत गेल्यावर झेड ड्राइव्हवर (फाइल सर्व्हरचं शेअर फोल्डर) लाल फुली. स्टोअरमध्ये नुकतीच लागलेली मुलगी, तिचं लॉगिन होतच नाही, 'तुमचं डोमेन उपलब्ध नाही' असा मेसेज येतो. अकाउंट्सच्या ताईंचं खातं लॉक. डिस्पॅचचा कॉम्प्युटर वेगळंच काहीतरी बोलतो. काही जणांचं इंटरनेटही गेलंय.

व्हेंडर म्हणतो पिंग जातोय ना, मग फायरवॉल ओके, सर्व्हर बघा. सर्व्हरवाला म्हणतो शुक्रवारपर्यंत चालत होतं, फायरवॉल बघा. मालक म्हणतात जुनं होतं तसं करून टाक. कुठून सुरुवात करू?

केबलकुमार | दुपारी १:२२

एनी-एनी अलाऊचा रूल (कोणालाही कुठेही जाऊ द्या) टाका सगळ्यात वर. दोन मिनिटांत चालू. आमच्याकडे तोच आहे.

चहा कमी साखर | दुपारी १:२५

म्हणजे लाख-दीड लाखाचा स्विच घेतलात की तुम्ही.

वायरमन काका | दुपारी १:४०

रात्रपाळी भाऊ, आधी एक गोष्ट वेगळी करा. 'लॉगिन होत नाही' या तक्रारीत ऑफिसात निदान तीन वेगळी लॉगिन असतात. एक विंडोजचं, म्हणजे डोमेनचं. दुसरं फायरवॉलचं, इंटरनेटसाठी जे पान उघडतं ते. तिसरं शेअर फोल्डरचं किंवा टॅली-ईआरपीचं. माणूस तिन्हीला 'लॉगिन'च म्हणतो आणि आपण एकाचं औषध दुसऱ्याला देत बसतो. प्रत्येक तक्रारीला मेसेज जसाच्या तसा लिहून घ्या. मोबाइलवर फोटो मागवलात तर उत्तम.

आता तुमच्या लक्षणांकडे. जुन्यांचं होतंय, नवीन मुलीचं नाही, म्हणून तुम्हाला वाटतंय नेटवर्क अर्धवट चालू आहे. तसं नाही. माझा अंदाज, आज तुमच्याकडे कोणाचंच लॉगिन झालेलं नाही.

विंडोज आधी त्या मशिनवर येऊन गेलेल्या माणसांची ओळख साठवून ठेवतं, डीफॉल्ट शेवटच्या १० जणांची. सर्व्हर सापडला नाही तर त्या साठवणीवर आत घेतं. त्यासाठीच ते गोल फिरतं: सर्व्हर शोधतं, थकतं आणि मग जुन्या ओळखीवर सोडतं. नवीन मुलीची साठवण त्या मशिनवर नाही, म्हणून तिला खरं उत्तर मिळालं. बाकीच्यांना नुसतं आत सोडलंय. झेड ड्राइव्हला मात्र खरा सर्व्हर लागतो, म्हणून लाल फुली.

पडताळायला आत गेलेल्या कोणाच्याही मशिनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'केलिस्ट' मारा. एकही तिकीट (सर्व्हरनं दिलेला ओळखीचा पास) दिसलं नाही तर तो माणूस साठवणीवर आत आलाय.

आणि त्याच मशिनवरून 'आयपीकॉन्फिग /ऑल' करून डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणारी सोय) ओळी इथे टाका.

पाथर्डी फाटा | दुपारी २:०५

थोडं अवांतर. आमच्याकडे सिंहस्थाच्या रस्त्यांच्या कामात फायबर तुटली की इंटरनेट जातं आणि सोबत कॉम्प्युटरचं लॉगिनही लटकतं. साहेबांना सांगितलं की नेट नाही म्हणून लॉगिन नाही. बरोबर ना?

वायरमन काका | दुपारी २:१२

अजिबात नाही. सर्व्हर तुमच्याच इमारतीत आहे ना? मग बाहेरची फायबर तुटो नाहीतर राहो, डोमेनच्या लॉगिनला फरक पडायला नको. पडतोय याचा अर्थ तुमचे कॉम्प्युटर घरातल्या सर्व्हरचा पत्ता बाहेर विचारतायत. डीएनएस बघा. तुमचा आणि रात्रपाळींचा आजार एकच निघण्याची शक्यता आहे.

रात्रपाळी | दुपारी २:३०

काका, केलिस्टमध्ये शून्य तिकिटं! चार मशिनवर बघितलं, चारहीवर शून्य.

डीएनएस: पहिला १९२.१६८.२०.१ (ही फायरवॉल), दुसरा ८.८.८.८. आधी डीएचसीपी (मशिनना आयपी वाटणारी सोय) सर्व्हरवर होतं, आता व्हेंडरनं फायरवॉलवर घेतलंय.

वायरमन काका | दुपारी २:५०

सापडला पहिला.

डोमेनमधला कॉम्प्युटर सुरू झाला की तो डीएनएसला विचारतो, 'या डोमेनचा कंट्रोलर कोण?' त्याचं उत्तर एसआरव्ही रेकॉर्डमध्ये असतं आणि ते रेकॉर्ड फक्त तुमच्या डोमेन सर्व्हरच्या डीएनएसला माहीत. फायरवॉलनं तो प्रश्न गूगलकडे पाठवला, गूगल म्हणालं असं काही नाही. विषय संपला. पिंग जातोय कारण पिंग तुम्ही आयपी टाकून करताय. व्हेंडरला सांगा की आयपीनं पिंग गेला म्हणजे फक्त रस्ता आहे हे कळलं, घर नंबर कोणाला माहीत आहे का हे नाही.

हे करून बघा: एनएसलुकअप -टाइप=एसआरव्ही _एलडॅप._टीसीपी.डीसी._एमएसडीसीएस. आणि पुढे तुमच्या डोमेनचं नाव. आता 'सापडत नाही' येईल. त्याच ओळीच्या शेवटी तुमच्या सर्व्हरचा आयपी जोडून पुन्हा मारा, उत्तर येईल.

उपाय: फायरवॉलच्या डीएचसीपीत डीएनएस म्हणून फक्त डोमेन सर्व्हरचा आयपी द्या. ८.८.८.८ काढा. 'दुसरा असू दे, अडीअडचणीला' असं व्हेंडर म्हणेल, ऐकू नका. दुसरा डीएनएस पहिल्यानं उत्तरच दिलं नाही तर विचारला जातो, आणि एकदा विंडोज दुसऱ्याकडे वळलं की काही काळ तिथेच रमतं. सर्व्हर रीस्टार्ट होत असताना दोन मिनिटं गेली की अर्धं ऑफिस गूगलला तुमच्या डोमेनचा पत्ता विचारत बसणार. बाहेरच्या नावांसाठी डोमेन सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर टाका, तिथे ८.८.८.८ चालेल. आणि सर्व्हर व्हीलॅनमधून बाहेर पोर्ट ५३ (डीएनएसचं दार) जातंय ना तेही बघा, नाहीतर आता सगळ्यांचंच इंटरनेट बंद पडेल आणि शिव्या मला बसतील.

बदल केल्यावर प्रत्येक मशिनवर 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' किंवा रीस्टार्ट. लीज (आयपीची मुदत) संपेपर्यंत जुनाच डीएनएस धरून बसतात.

पाथर्डी फाटा | दुपारी ३:०५

आमच्याकडेही सेम. पहिला डीएनएस राउटर. साहेबांना काय सांगू आता?

चहा कमी साखर | दुपारी ३:०७

सांगा, फायबर जोडतानाच दुरुस्त करून घेतलं.

रात्रपाळी | सायंकाळी ५:१५

डीएनएस बदललं. एसआरव्ही उत्तर आता येतं. पण स्टोअरच्या मुलीचं अजून तेच. 'एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी' ला एरर १३५५, असं डोमेन नाही म्हणतो. व्हेंडरला फोन केला, त्यानं पोर्ट उघडल्याचं सांगितलं: टीसीपी ५३, ८८, ३८९, ४४५. टेस्ट-नेटकनेक्शननं बघितलं, चारही 'ट्रू'. आता?

लॉगवाचक | सायंकाळी ५:४०

वाचत होते, आता राहवलं नाही. यूडीपी ३८९ उघडलंय का? आकडा तोच असला तरी टीसीपी आणि यूडीपी ही दोन वेगळी दारं.

एसआरव्ही रेकॉर्डमधून कंट्रोलरचं नाव मिळालं की विंडोज त्याला आधी एक छोटी हाक मारतं, 'आहेस का, कुठल्या साइटचा आहेस?' ही हाक यूडीपी ३८९ वर जाते. बहुतेक लोक एलडॅप (डोमेनच्या यादीला प्रश्न विचारायची भाषा) म्हणजे टीसीपी ३८९ एवढंच धरून रूल लिहितात. हाकेला ओ आली नाही की विंडोज समजतं कंट्रोलरच नाही, आणि १३५५. टेस्ट-नेटकनेक्शन फक्त टीसीपी तपासतं, म्हणून तुम्हाला चारही हिरवे दिसले. यूडीपीसाठी मायक्रोसॉफ्टचं पोर्टक्वेरी वापरा, ते ३८९ ला खरा एलडॅपचा प्रश्न विचारतं आणि उत्तर दाखवतं.

पण त्याहून सोपं म्हणजे फायरवॉलचा लॉग वाचा. तिथे अंदाज लावावा लागत नाही. फिल्टरमध्ये सोर्स त्या मुलीच्या मशिनचा आयपी, डेस्टिनेशन डोमेन सर्व्हरचा आयपी, ॲक्शन डिनाय. मशिन रीस्टार्ट करा आणि लॉग बघत बसा. एकेक अडलेलं पोर्ट ओळीनं समोर येईल. एक अडचण येऊ शकते: शेवटच्या डीफॉल्ट ड्रॉप रूलचा (जे कुठल्याच रूलमध्ये बसत नाही ते अडवणारा) लॉग बऱ्याच ठिकाणी बंद असतो. तो आधी चालू करायला लावा. लॉग रिकामा दिसतो म्हणून 'आमच्याकडे काहीच अडत नाही' असं सांगणारे व्हेंडर पायलीला पन्नास आहेत.

केबलकुमार | सायंकाळी ५:५५

म्हणून म्हणतो एनी-एनी.

लॉगवाचक | सायंकाळी ६:१०

केबलकुमार, पाच मिनिटं, एकाच मशिनसाठी, लॉग चालू ठेवून केलंत तर ती तपासणी होते. चालू झालं तर अडचण फायरवॉलमध्ये, नाही झालं तर दुसरीकडे. पण ते पाच मिनिटांचं पुढे पाच वर्षं राहतं, इथेच गडबड आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं) आलं तेव्हा ते ४४५ (फाइल शेअरिंगचं पोर्ट) वरूनच एका मशिनवरून दुसऱ्यावर उड्या मारत होतं. त्याचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. रात्रपाळींच्या शॉप फ्लोअरवर सीएनसीचे जुने विंडोजवाले कंट्रोलर असणार, त्यांना कोणी पॅच टाकत नाही. ऑडिटरचा शेरा उगाच नव्हता.

रात्रपाळी | सायंकाळी ६:१८

आहेत ताई, दोन तर एक्सपीवर चालतात. मशिन चालू आहे तोवर कोणी हात लावू देत नाही.

वायरमन काका | सायंकाळी ६:४५

ताईंनी सांगितलंय तसं लॉग बघाच, तरी यादी देतो म्हणजे व्हेंडरला एकदाच मेल जाईल. ऑफिस व्हीलॅनमधून फक्त डोमेन सर्व्हरच्या आयपीकडे: ५३, ८८, ३८९ आणि ४६४ हे टीसीपी-यूडीपी दोन्ही. १२३ यूडीपी, वेळेसाठी. १३५ आणि ४४५ टीसीपी. ६३६ आणि ३२६८ लागतील तसे. आणि सगळे विसरतात ते, आरपीसीचे ४९१५२ ते ६५५३५ टीसीपी.

शेवटच्यावर व्हेंडर ओरडेल, 'एवढी सोळा हजार पोर्ट?' १३५ वर कॉम्प्युटर फक्त विचारतो की नेटलॉगॉन (लॉगिन तपासणारी सेवा) कुठल्या पोर्टवर बसलंय, मग सर्व्हर या रेंजमधलं एक पोर्ट सांगतो. १३५ उघडं आणि रेंज बंद, तर पत्ता मिळतो पण दार उघडत नाही. नको असेल तर रजिस्ट्रीतून नेटलॉगॉनला एक ठरावीक पोर्ट बांधून देता येतं. पन्नास मशिनसाठी मी त्या भानगडीत पडणार नाही, डेस्टिनेशन फक्त एक सर्व्हर ठेवा, पुरे.

नेटवरच्या जुन्या लेखांत १०२५ ते ५००० अशी रेंज सापडेल. ती सर्व्हर २००३ आणि एक्सपीच्या काळातली. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून बदलली.

शॉप फ्लोअर व्हीलॅनला हे काहीही देऊ नका. एक्सपीवाल्या दोघांना प्रोग्रॅम पाठवायला वेगळं फोल्डर, वेगळं मशिन.

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी १०:२०

स्टोअरची मुलगी आत!! केलिस्टमध्ये तिकिटं दिसतात, झेड ड्राइव्ह आला, 'वेलकम'चं फिरणं बंद. आणि काल ज्यांचं इंटरनेट गेलं होतं त्यांचं न सांगता आपोआप चालू झालं. हे कसं काय?

लॉगवाचक | सकाळी १०:४५

तुमच्या फायरवॉलमध्ये नियम माणसांच्या ग्रुपवर लावलेत ना? कोण कुठल्या आयपीवर बसलंय हे तिला डोमेन सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमधून कळतं. काल लोक साठवणीवर आत आले, सर्व्हरपर्यंत पोचलेच नाहीत, तिथे नोंदच झाली नाही. फायरवॉलच्या दृष्टीनं ते अनोळखी, आणि अनोळखी माणसाला इंटरनेट बंद. म्हणून डोमेनचं बिघडलं आणि लोकांना बंद इंटरनेट दिसलं. अशा वेळी फायरवॉलच्या 'लाइव्ह युजर्स' पानावर त्या आयपीसमोर नाव आहे का बघायचं, पाच सेकंदांचं काम.

याचीच दुसरी बाजू: रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर दहा जण बसत असतील तर सगळ्यांचा आयपी एकच, आणि फायरवॉल शेवटी आलेल्याला सगळ्यांचा मालक समजते. त्याला कंपनीचा वेगळा एजंट लागतो.

रात्रपाळी | सकाळी ११:३०

उरले दोन. डिस्पॅचच्या मशिनवर 'क्लायंट आणि सर्व्हरच्या वेळेत फरक आहे' असा मेसेज. पण घड्याळ बरोबर आहे हो! माझ्या मोबाइलशी मिनिटाला मिनिट जुळतं. सीमॉसचा (मशिनच्या घड्याळाचा) सेलही बदलून बघितला.

वायरमन काका | सकाळी ११:४२

टाइम झोन बघा. 'डब्ल्यू३२टीएम /टीझेड'.

रात्रपाळी | सकाळी ११:५०

पॅसिफिक टाइम. अमेरिका, कॅनडा. 😶 हे मशिन मागच्या आठवड्यात हार्डवेअरवाल्यानं फॉरमॅट करून दिलं होतं.

वायरमन काका | दुपारी १२:०५

झालं तर. केर्बेरॉसला (डोमेनची ती तिकिटं देणारी पद्धत) भिंतीवरचं घड्याळ कळत नाही, त्याचा हिशेब यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ). सर्व्हर आणि मशिनच्या यूटीसीत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की तिकीट नामंजूर, हे डीफॉल्ट. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, पॅसिफिक आठ तास मागे. पडद्यावर सकाळचे १० दिसत असले तरी झोन पॅसिफिक असेल तर मशिनच्या मते यूटीसी संध्याकाळचे ६. खरे पहाटेचे साडेचार. साडेतेरा तासांचा फरक, तिकडे उन्हाळी वेळ असेल तर साडेबारा.

काय झालं असेल सांगतो. फॉरमॅटनंतर घड्याळ चुकीचं दिसलं, कोणीतरी झोनला हात न लावता आकडे फिरवून 'बरोबर' केलं. पूर्वी असतं तर डोमेननं ते थोड्या वेळात परत फिरवलं असतं. पण १२३ बंद होतं, सुधारायला कोणी आलंच नाही.

झोन 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' करा, मग 'डब्ल्यू३२टीएम /रीसिंक'. आणि डिस्पॅचवाल्यांचे ॲडमिन अधिकार काढा.

लॉगवाचक | दुपारी १२:३०

वेळेचा विषय निघालाच आहे तर डोमेन सर्व्हर स्वतः वेळ कुठून घेतो तेही बघून ठेवा. व्हर्च्युअल असेल तर बहुधा होस्टकडून घेतोय, आणि होस्ट डोमेनमध्ये असेल तर तो पुन्हा याच्याकडून. दोघं एकमेकांना विचारून निवांत भरकटतात. सगळं ऑफिस एकत्र भरकटलं तर डोमेनचं लॉगिन बिनबोभाट चालतं, कारण आपसात फरकच नाही. मग एक दिवस व्हीपीएनचा ओटीपी चालेनासा होतो. तो ३० सेकंदांनी बदलतो, त्याला खरी वेळ लागते.

सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी जुळवायची, लॉग १८० दिवस ठेवायचे आणि त्यात दिलेल्या प्रकारच्या घटना ६ तासांत कळवायच्या. समय१ डॉट एनआयसी डॉट इन हा एक पत्ता. डोमेन सर्व्हरला तिथून वेळ घेऊ द्या, बाकी सगळे त्याच्याकडून. फायरवॉलचे लॉग तिच्या स्वतःच्या डिस्कवर १८० दिवस मावतात का हे व्हेंडरला लेखी विचारा. छोट्या मॉडेलमध्ये बहुधा मावत नाहीत, बाहेर सिसलॉग (लॉग साठवणारा) सर्व्हर लागतो.

रात्रपाळी | दुपारी १:१५

डिस्पॅच चालू. आता अकाउंट्सच्या ताई. खातं अनलॉक करतो, अर्ध्या तासात परत लॉक. त्या म्हणतात मी पासवर्ड बरोबरच टाकते, आणि मी समोर उभं राहून बघितलं, बरोबरच टाकतात.

चहा कमी साखर | दुपारी १:२०

पासवर्ड बदलला का त्यांनी एवढ्यात?

रात्रपाळी | दुपारी १:२२

हो, शुक्रवारी. ऑडिटवाल्यांच्याच कृपेनं.

लॉगवाचक | दुपारी १:३५

डोमेन सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये इव्हेंट ४७४० शोधा. त्यात 'कॉलर कॉम्प्युटर नेम' असतं, म्हणजे चुकीचा पासवर्ड कुठून येतोय ते मशिन. ताईंचं मशिन नसणार. ते नाव रिकामं असलं तर ४७७१ बघा, त्यात आयपी मिळेल. कोड ०एक्स१८ असेल तर सरळसरळ चुकीचा पासवर्ड.

रात्रपाळी | दुपारी २:१०

वजनकाटा!

गेटवरच्या वजनकाट्याच्या केबिनमधला कॉम्प्युटर. तो डोमेनमध्येही नाही. गाडीचं वजन झालं की पावतीची पीडीएफ अकाउंट्सच्या फोल्डरमध्ये जाते, आणि ते फोल्डर जोडताना कोण्या एके काळी ताईंचंच नाव-पासवर्ड टाकून 'लक्षात ठेव'वर टिक केलेली. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये सापडलं. प्रत्येक ट्रकमागे जुना पासवर्ड सर्व्हरवर आपटतोय. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ट्रक येत नाहीत, तेव्हा लॉक होत नव्हतं, ते आत्ता लक्षात येतंय.

वायरमन काका | दुपारी २:२५

वा! आता नवीन पासवर्ड तिथे टाकू नका, नाहीतर तीन महिन्यांनी हाच धागा वर येईल. गेटसाठी वेगळं खातं काढा, त्याला फक्त त्या एका फोल्डरात लिहायचा अधिकार. अकाउंट्सच्या ताईंचा पासवर्ड गेटवरच्या केबिनमध्ये पडून राहणं हेच मुळात भयंकर आहे.

मुसळगाव लाइन | दुपारी ३:४०

धागा हायजॅक करतोय, माफी. सिन्नरला मुसळगावात आमची शाखा, मुख्य ऑफिस सातपूरला, मध्ये आयपीसेक व्हीपीएन (इंटरनेटमधून काढलेला बंद बोगदा). सर्व्हर सातपूरला. एकाच मशिनवर क्लार्कचं लॉगिन होतं आणि डायरेक्टर साहेबांचं लटकतं. तेच मशिन, तीच केबल. साहेब सातपूरला आले की त्यांचं होतं. डीएनएस बरोबर, पोर्ट उघडी, वेळ जुळलेली, वरचं सगळं तपासून आलोय.

वायरमन काका | दुपारी ३:५५

झकास केस. साहेब किती ग्रुपमध्ये आहेत?

मुसळगाव लाइन | दुपारी ४:००

सगळ्याच. अकाउंट्स, एचआर, परचेस, प्रत्येक फोल्डरचा वेगळा ग्रुप आहे, साहेब प्रत्येकात.

वायरमन काका | दुपारी ४:१५

आणि क्लार्क सातपूरच्या शेअरवरची मोठी फाइल उघडू शकतो का? फोल्डर उघडतं, नावं दिसतात, पण फाइल लटकते, असं होतं का?

मुसळगाव लाइन | दुपारी ४:१७

काका तुम्ही इथे कॅमेरा लावलाय का?

वायरमन काका | दुपारी ४:४०

एमटीयू, म्हणजे एक पॅकेट जास्तीत जास्त किती बाइटचं चालतं तो आकडा. केर्बेरॉसच्या तिकिटात माणसाचे सगळे ग्रुप भरलेले असतात. क्लार्कचं तिकीट छोटं, एका पॅकेटात मावतं. साहेबांचं जाडजूड, पूर्ण भरलेली पॅकेट लागतात. व्हीपीएन स्वतःची वेष्टनं चढवतं, त्यामुळे १५०० बाइटचं भरलेलं पॅकेट बोगद्यात मावत नाही. अशा वेळी मधला राउटर 'मोठं आहे, लहान करून पाठव' असा आयसीएमपी निरोप देतो. पण कोणीतरी सुरक्षा म्हणून सगळं आयसीएमपी बंद करून ठेवलेलं असतं. निरोप पोचत नाही, पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतो.

मुसळगावातून सातपूरच्या सर्व्हरला: पिंग -एफ -एल १४७२. जाणार नाही. (१४७२ अधिक २८ हेडर, झाले १५००.) मग आकडा उतरवत जा, जिथे जायला लागेल तिथे २८ मिळवा, तो तुमच्या बोगद्याचा एमटीयू. मग दोन्ही बाजूंच्या फायरवॉलवर व्हीपीएनसाठी टीसीपी एमएसएस (पॅकेटातल्या मजकुराची कमाल लांबी) त्याहून ४० कमी लावा. १३५० वर सहसा निभावतं. आणि आयसीएमपीतला 'फ्रॅगमेंटेशन नीडेड' निरोप तरी उघडा.

मुसळगाव लाइन | बुधवार, सकाळी ११:०५

१३९० च्या पुढे पिंग जात नव्हता. एमएसएस १३५० लावला. साहेब आत. क्लार्कच्या फाइलीही धडाधड उघडतायत, ती तक्रार आम्ही इतके दिवस 'लाइन स्लो आहे' म्हणून बाजूला ठेवली होती. काका, सिन्नरला आलात तर मिसळ माझ्याकडून.

चहा कमी साखर | सकाळी ११:१०

नाशिकच्या माणसाला सिन्नरला बोलावून मिसळ. हिंमत आहे.

रात्रपाळी | बुधवार, दुपारी ४:३०

आमच्याकडची एक बारीक तक्रार अजून होती. सकाळी मशिन चालू केल्या केल्या लॉगिन केलं तर झेड ड्राइव्ह येत नाही, मिनिटभर थांबून केलं तर येतो.

वायरमन काका | दुपारी ४:४२

नवीन स्विचही टाकलेत ना? स्पॅनिंग ट्री (केबलचं वर्तुळ होऊ न देणारी स्विचची सोय). केबलमध्ये जीव आला की पोर्ट १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं, मग वाहतूक सोडतं. एसएसडीवालं विंडोज तोवर लॉगिनच्या पानावर पोचलेलं असतं. कॉम्प्युटर जोडलेल्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट चालू करा. स्विच ते स्विच केबलवर करू नका. शिवाय ग्रुप पॉलिसीत 'लॉगिनच्या आधी नेटवर्कची वाट बघ' अशी सेटिंग आहे, ती चालू करा.

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी १२:१५

पोर्टफास्टनं काम झालं. आज व्हेंडर बिलासाठी आला होता. मी त्याच्या 'पिंग चालू आहे'वाल्या कागदाखाली हातानं लिहून दिलं: प्रत्येक व्हीलॅनमधल्या एका मशिनवर, जिथे तो माणूस आधी कधीच बसलेला नाही, नवीन खात्यानं लॉगिन करून दाखवायचं, झेड ड्राइव्ह उघडायचा, पासवर्ड बदलून दाखवायचा, आणि इंटरनेटची लाइन काढून हेच पुन्हा. तो म्हणाला असं कोणी मागत नाही. मी म्हटलं, मग पेमेंटही असंच राहू द्या. मालक बाजूलाच उभे होते, काही बोलले नाहीत, म्हणजे चालतंय.

उद्या टेस्ट घेणार आहे. अजून काही घालू का त्यात?

लॉगवाचक | दुपारी १२:४०

डीफॉल्ट ड्रॉपचा लॉग चालू असल्याचा स्क्रीनशॉट आणि त्या एनी-एनी टेस्ट रूलचा, जर त्यानं मधेच कुठे टाकला असेल तर, डिलीट केल्याचा.

रात्रपाळी | दुपारी १:३०

टाकला होता. सोमवारपासून सगळ्यात वर, नाव 'टेम्प'. माझ्या शॉप फ्लोअरच्या व्हीलॅनवर. आत्ताच काढला, कोणाचंही काही अडलं नाही.

केबलकुमार | दुपारी १:३४

आमचाही 'टेम्प'च आहे. काढून बघतो शनिवारी.